मधली ओळ

"कीबोर्ड कोपऱ्यात? म्हणजे मीही आता कोपऱ्यातच बसायचं का गं?" शशिकलाबाई लेकीवर कडाडल्या.

पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला, त्याला तीन महिने झाले होते. म्हणून चारुतानं टचस्क्रीनचा कॉम्प्युटर आणून त्यांच्यापुढे पाटावर आडवा ठेवला होता. पडद्यावरचा कीबोर्ड लहान करून तिनं डाव्या कोपऱ्यात सरकवला होता. वर त्याला आईच्या आवडीचा जांभळा रंगही दिला होता.

"आई, एका बोटानं सहज जमेल तुला."

"एका बोटानं! एका बोटानं टाइप करणाऱ्याला मी तीस वर्षं क्लासमधून उठवलंय. आणि रंग कसला देतेस? बटणांकडे बघायचंच नसतं!"

रागारागात त्यांनी डाव्या हातानं सेटिंग उघडलं आणि कीबोर्ड पडद्याभर मोठा केला. मग मांडीवर पडलेला उजवा हात उचलून काचेवर आणला. क्लासात पहिल्या दिवशी मुलींची बोटं बसवायच्या, तसं त्याचं एकेक बोट त्यांनी मधल्या ओळीत नेमक्या जागी ठेवलं.

"अगं, काचेवर बोटं टेकवून चालत नाही, लगेच..."

पडद्यावर चार अक्षरं उमटली. त्यांना अर्थ काहीच नव्हता. चारुता ती खोडायला पुढे झाली.

"खबरदार खोडलंस तर!" बाईंचा आवाज चिरकला. "तीन महिन्यांनी काहीतरी लिहिलंय या हातानं."