कूलरची खिडकी

अरुंधतीताईंनी बोटीच्या तळाच्या जड कण्यावर हात ठेवला आणि त्याचे वजन पुन्हा विचारले. बोट बांधणाऱ्या रविंद्रने सांगितले. बोट तपासायला त्या रत्नागिरीहून कामठी रोडवरच्या या शेडमध्ये आल्या होत्या. त्या हो म्हणाल्या तर बोट ट्रेलरवर चढून समुद्राकडे निघणार होती. नाही म्हणाल्या तर इथेच राहणार होती.

बोट फार वेगाने पळणार नाही, असे त्या म्हणाल्या, पण लाटेवर आपटणारही नाही. वाऱ्याने आडवी झाली तरी खालचे वजन तिला परत उभी करील. सुकाणू मजबूत आहे, डोलकाठी बेताची आहे. किनारा दिसेनासा झाला की अशीच बोट हवी.

मग त्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि थांबल्या. केबिनला तिथे एक खिडकी होती. घराला असते तेवढी मोठी.

"ही कशासाठी?"

रविंद्र खिडकीच्या चौकटीवरचा भुसा पुसू लागला. त्याच्याबरोबर सुतारकाम करणारा अंकुश हसला.

"कूलरसाठी, मॅडम. वहिनीनं मापच देल्लं होतं. म्हणे, कूलर नसन तर बोटीत पाय नाही ठेवत मी."

अरुंधतीताईही हसल्या. समुद्राच्या दमट हवेत कूलरचा काही उपयोग नसतो, हे त्यांनी समजावले. मग हसणे थांबवून म्हणाल्या, की आडवी लाट बसली तर आधी ही काच फुटेल आणि बोट बघता बघता भरेल. बाकी सगळे चांगले असून फायदा नाही. जाड फळी लावून खिडकी कायमची बंद केली तर त्या आजच होकार देतील. नाहीतर बोट खोल समुद्रात नेऊ नये.

"तिले घुसमटल्यासारखं होते," रविंद्र म्हणाला.

"मग मी बोलू का त्यांच्याशी? माझं ऐकतील."

अंकुशने मान खाली घातली. वहिनी होळीनंतर गेल्या, हे त्यानेच सांगितले. शेवटी शेवटी श्वास पुरत नव्हता. खिडकी उघडा, एवढेच म्हणायच्या.

अरुंधतीताईंनी मापाची टेप गुंडाळली. घाई नाही, नंतर कळवा, असे म्हणून त्या शेडच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

रविंद्र शिडीने वर चढला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक दिसत होते. थोड्या वेळाने त्याने अंकुशला फळी आणायला सांगितली.

अंकुशने बाहेरून फळी लावली आणि एकेक स्क्रू आवळू लागला. आतला उजेड गेला. पत्र्याचे शेड, त्यात मे महिन्याची दुपार. तो थांबला.

"भाऊ, पहिले बाहेर या न. आत लय उकडत असन."



"आता मले एकट्यालेच उकडून राहिलं," रविंद्र म्हणाला. "लाव तू."