समजूत

पंचाण्णव सालची गोष्ट. सुगंधा हल्ली कशावरूनही चिडायची, नाहीतर दिवसभर गप्प असायची. शेवटी मिलिंद तिला सानपाड्याहून वाशीला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेला. "मॅडम, हिची जरा समजूत घाला," म्हणून तो बाहेर जाऊन बसला.

तासाभराने बाईंनी त्याला आत बोलावलं. सुगंधा खुर्चीतच गाढ झोपली होती.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"इथे मला कोणी हाक मारणार नाही ना, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं, तशी झोपलीच."

मिलिंदची मान खाली गेली. त्याने हलकेच तिच्या खांद्याला हात लावला.



ती दचकून उठली. पदर सावरत म्हणाली, "चुकलं हो, डोळा लागला. थांबा, लगेच चहा टाकते."