स्वतःचं वाक्य

आठवडाभर इंग्रजीतलं ‘सो दॅट’ शिकवून शर्मिला मॅडमचा घसा बसला, तरी आठवीची पोरं गाईडमधलंच वाक्य घोकत होती. शेवटी त्यांचा पारा चढला.

“अरे, एक तरी वाक्य स्वतःचं करा! शाळेत कशासाठी येता, तेवढं तरी सांगा!”

मग वरंधच्या वरच्या वाडीतून चालत येणारी सुप्रिया उठली आणि अडखळत, पण अगदी बिनचूक बोलली, “आय कम टू स्कूल सो दॅट द स्कूल डझ नॉट क्लोज.”

“हे काय भलतंच? कुणी सांगितलं गं तुला?”

 

“तुमीच, मॅडम. जूनमध्ये वाडीवर येऊन आईच्या हातापाया पडलात ना, पट कमी हाय, पोरीला पाठवा म्हणून!”