सोपं गणित

शाळेच्या समुपदेशक बाईंनी कागद फिरवून तिच्याकडे केला आणि पेन्सिलीचं टोक एका चौकटीवर ठेवलं. चौकटीत बरोबरची खूण होती, खाली चार वर्षांपूर्वीची सही. सही तिचीच. तारीखही तिच्याच अक्षरात.

"सोपं गणित निवडलंय तुम्ही," बाई म्हणाल्या.

तिला ती खूण आठवत होती. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून झाल्याशिवाय ही आजाऱ्याकडे बघतसुद्धा नाही, अशी नवरा तिची थट्टा करायचा. हा फॉर्मही तिने दोनदा वाचला होता. पण ते दिवस वेगळे होते. गणिताचा पेपर असला की लेक सकाळी उलट्या करायची आणि दप्तर पाठीला तसंच ठेवून बाथरूमच्या फरशीवर बसून राहायची. फॉर्मवर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याला झेपेल असा अभ्यासक्रम'. 'झेपेल' वाचून तिचा जीव भांड्यात पडला होता. पुढचं काय ते शाळेच्या नियमपुस्तिकेत होतं, एकेचाळिसाव्या पानावर. पुस्तिका तिने फाइलमध्ये जपून ठेवली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता.

उलट्या थांबल्या. लेक जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवायला बसायची, ही समोर भाजी निवडत. उत्तर आलं की पोरगी मान वर करायची, आणि ही बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा वाजवायची. टक टक. म्हणजे बरोबर. एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांचं ठरलेलं. गेल्या वर्षी गणितात ब्याण्णव मिळाले. ती गुणपत्रिका अजून फ्रिजवर होती, आणि तिच्या शेजारी नर्सिंग कॉलेजने जागा दिल्याचं पत्र.

आता लेक शेजारच्या खुर्चीत बसली होती. शाळा संपल्याच्या समारंभाच्या काळ्या झग्याचं पुडकं तिच्या मांडीवर होतं. झगे सकाळीच वर्गात वाटले होते. तीन आठवड्यांपूर्वी तिला अठरा पूर्ण झाली होती.

बाई सावकाश समजावत होत्या. रोज कुणाला ना कुणाला हेच सांगत असाव्यात, शब्द गुळगुळीत झाले होते. शाळेतून बाहेर पडताना दोन प्रकारचे कागद मिळतात. एक पूर्ण प्रमाणपत्र, कॉलेजला तेच लागतं. दुसरा, शाळा संपवल्याचा दाखला. पूर्ण प्रमाणपत्राला नेहमीचं गणित दोन वर्षं हवं. सोप्या गणिताचे गुण त्यात धरत नाहीत. ब्याण्णव असोत की बावीस.

"स्टेजवर सगळ्यांसोबतच जाईल हो ती," बाई म्हणाल्या. "झगा तोच, टोपी तीच. फोटोत काही फरक दिसत नाही."

तिने विचारलं, सुट्टीतल्या वर्गांत ते गणित करता येईल का. बाईंनी मान हलवली. ते वर्ग नापास झालेल्यांसाठी असतात, आणि ही कुठे नापास झालीय? बोलून झाल्यावर त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग बाहेरून परीक्षा? ती देता येते, पण नर्सिंगला चालत नाही. मग कॉलेजला एक पत्र लिहिलं तर? बाईंनी कालच फोन केला होता. ती जागा पुढच्या मुलीला गेली होती.

हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा जातो. आवाज न करता, साध्या खोलीत, कुंडीतल्या झाडाला पाणी घालायचं कुणीतरी विसरलेलं असताना. ती झाडाच्या सुकलेल्या पानांकडे बघत राहिली. लेकीकडे बघवेना.

"मी थांबते मग," लेक म्हणाली. "दोन वर्षं अजून शाळेत. मला चालेल. मला गणित आवडतं आता."

बाईंनी नियमपुस्तिका उघडून लेकीपुढे सरकवली. एकेचाळिसावं पान. दोन वर्षांचं गणित दोन वर्षांतच, एकामागून एक, दोन्ही एकदम नाही. आणि तळाशी, ज्या दिवशी विद्यार्थ्याला वीस वर्षं पूर्ण होतील, त्या दिवशी त्याचं नाव पटावरून कमी होईल.

लेकीने ते वाचलं. बोट ओळीवर ठेवून, आईसारखंच. मग बाईंच्या मागच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"वार्षिक परीक्षा दरवर्षी याच सुमाराला असते ना?"

"हो. आजपासून चार आठवड्यांनी."

पोरीचे ओठ हलत होते. कपाळावर ती ओळखीची बारीक आठी आली, जेवणाच्या टेबलावर यायची ती.

"वाढदिवस होऊन तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "परीक्षेला चार आहेत. म्हणजे दोन वर्षांनी शेवटचा पेपर येईल तेव्हा मला वीस पूर्ण होऊन सात आठवडे झालेले असतील. सात आठवडे कमी पडतात, आई."

कागद नाही, पेन नाही. सगळं मनात केलं होतं. आणि उत्तर आल्यावर तिने सवयीने मान वर केली आणि आईकडे बघत थांबली.

आईचा हात टेबलावर होता. टक टक.

बाईंना वाटलं, बाहेर कुणीतरी आलंय. दाराकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "या, आत या."