तळातला आवाज

गिटारवर लोकगीतं गाणाऱ्या त्यांच्या नव्या बँडला जुन्या काळचा संथ, ऊबदार आवाज हवा होता. म्हणून गायिकेने वारलेल्या वडिलांच्या कपाटातली एक जुनी टेप आणली आणि नवं गाणं तिच्यावरच रेकॉर्ड केलं. ऐकायला बसले, तर तिच्या आवाजाच्या तळातून दुसरीच कुणी बाई गात होती. ड्रमवाल्याच्या अंगावर काटा आला.

"आधीचं गाणं पुरतं पुसलं गेलं नाही," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घरी गायिकेची आई इस्त्री करत होती. तिला कधी गुणगुणतानाही कुणी ऐकलं नव्हतं. मुलीने फोनवर गाणं लावलं आणि आईचा हात जागीच थांबला. कापड करपल्याचा वास आला, तेव्हा मुलीनेच धावत जाऊन इस्त्री उचलली.

"आई, कोण गं ही?"

"मीच. लग्नाआधीची." आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. "ती टेप पुसून टाकली म्हणाले होते तुझे बाबा. मी तेव्हापासून गायलेच नाही." मग लहान मुलीसारखी ती पुढे सरकली. "तुमचं गाणं बंद कर ना जरा. नुसतं माझं ऐकव."

मुलीला मान वर करवेना. बाबांनी तीस वर्षं लपवून जपलेलं गाणं तिने काल एका दुपारात पुसलं होतं.