पोकळ वासा

देशाकडे खरी अण्वस्त्रं मोजकीच होती. बाकीचा धाक सुतारकाका प्लायवुडमधून घडवत. शेडमधलं त्यांचं नवं क्षेपणास्त्र पाहून मेजरबाई थक्क झाल्या.

"काका, तुमच्या हाताला तोड नाही. शत्रूचे उपग्रह फसतात यात नवल काय, मीही फसले असते."

काका सुखावले. तेवढ्यात बाईंच्या कमरेचं किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र टिकटिकू लागलं.

"बिघडलं वाटतं," म्हणत त्यांनी ते भिंतीजवळ नेलं, तर ते गप्प. क्षेपणास्त्राजवळ आणताच पुन्हा टिकटिक.

"अहो बाई, बडा घर पोकळ वासा आहे हा," काका हसले आणि त्यांनी कौतुकाने त्यावर थाप मारली.

कालपर्यंत ते रिकाम्या पेटीसारखं वाजायचं. आज थाप आतल्या आत विरली, आणि काकांच्या तळव्याला जित्या अंगाची ऊब लागली.