चाकाखालचं गवत

"शेजारच्या आर्मंडच्या गाड्या जागच्या हलल्या नाहीत, तर जरा जाऊन बघ गं," घराच्या किल्ल्या हातात ठेवताना पेल्कीबाई म्हणाल्या होत्या. डेलियानं हसून मान डोलावली होती. घर विकून जाणाऱ्या म्हाताऱ्या काहीबाही सांगतातच. शिवाय लेक विनी कडेवर होती, आणि डेलियाचं सगळं लक्ष कुंपणापलीकडच्या त्या तीन ताडपत्र्यांकडे लागलं होतं.

आज त्याच कुंपणाशी, विनीला कडेवर घेऊन, ती नगर कार्यालयाच्या टिबेट्सची वाट बघत उभी होती. तक्रार तिनंच केली होती. फोनवर नाव सांगितलं नव्हतं. तरी पलीकडच्या बाईनं फोन ठेवता ठेवता विचारलंच, विनीचा खोकला आता कसा आहे म्हणून.

टिबेट्सनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि कॉफीचा कप घेऊन सावकाश उतरला. डेलियानं बोटानं दाखवलं. ताडपत्र्यांखाली तीन गाड्या, एकीलाही नंबरप्लेट नाही. उघड्यावर अशी एकच गाडी ठेवायला गावची मुभा होती. त्याहून जास्त ठेवायच्या तर त्यांच्यावर काम चालू असायला हवं. आता काम चालू आहे की नुसतं सांगायला, हे ठरवायचं कसं? त्याची गावानं आपली एक रीत पाडली होती: चाकाखाली गवत आलं की भंगार, नाही आलं की गाडी.

म्हणून तर आर्मंड थिबोडो दर शनिवारी तिन्ही गाड्या खांदा लावून हातभर पुढे ढकलायचा, नि पुढच्या शनिवारी हातभर मागे. पहिल्यांदा ते बघून डेलियानं त्याला हटकलं होतं. "फिरवून आणतो त्यांना, पोरी," तो म्हणाला होता. "तू नाही का तुझीला आणत?" आणि विनीकडे बघून डोळे मिचकावले होते. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. एकटा माणूस, दिवसभर ठोकाठोक, आणि ताडपत्र्या अशा करकचून बांधलेल्या की वाऱ्यानंही आत डोकावू नये. सरळ माणूस आपलं सामान इतकं झाकत नाही, असं तिनं नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं होतं. नवरा म्हणायचा, तिथं पाऊस पडतो म्हणून झाकतो.

आता तिनं टिबेट्सपुढे एकेक गोष्ट मांडली. हल्ली त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा भर दुपारीही जळत असतो. टपालपेटी इतकी कोंबलेली आहे की झाकण लोंबतंय, म्हणजे कुणाला तरी चुकवतोय. आणि ठोकाठोक एकदम बंद. जे काय चाललंय ते आता आत, दार लावून चाललंय. ठोकाठोक थांबल्यापासून विनी दुपारची गाढ झोपायला लागली, हेही तिनं सांगितलं. आपण उगीच कुणाच्या वाईटावर नाही, हे त्याला कळावं म्हणून.

टिबेट्स कॉफीचे घोट घेत हूं हूं करत होता. असं ऐकायची त्याला सवय असावी.

"आणि ते गवत बघा," डेलियानं हुकमाचं पान शेवटी टाकलं. "पुढच्या गाडीचं अर्धं चाक बुडालंय."

टिबेट्सनं कप गाडीच्या टपावर ठेवला. डोळ्यांवर आडवा हात धरून तो बघत राहिला.

"आर्मंडच्या गाडीखाली गवत?"

"हो. तुमच्याच रीतीप्रमाणं आता ते भंगार."

"नोकरीला लागल्यापासून मी त्याला पकडायला बघतोय. एक पातं सापडू दिलं नाही पठ्ठ्यानं." तो हसत होता. ते हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, आणि मग गेलं. "तुला शेवटचा कधी दिसला तो?"

डेलिया उत्तर द्यायला गेली. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रोज, उठता बसता, तिकडेच तर बघत होती. दिवा दिसला होता. टपालपेटी दिसली होती. ताडपत्र्या तर डोळे मिटले तरी दिसायच्या. माणूस काही केल्या आठवेना. आठवल्या त्या पेल्कीबाई, किल्ल्या पुढे करताना.

टिबेट्स दोन पावलं पुढे आला नि रस्त्याची हद्द संपते तिथं थबकला. परवानगीचा कागद हातात असल्याशिवाय दुसऱ्याच्या आवारात शिरायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. तो खिशात फोन चाचपू लागला.

डेलिया थांबली नाही. एरवी आजीकडे देतानाही दहा सूचना देणाऱ्या तिनं विनीला त्या परक्या माणसाच्या हातात दिलं आणि कुंपण ओलांडलं. गवत गुडघ्याला लागत होतं. वाटेतली एक ताडपत्री कोपऱ्यात सुटून फडफडत होती. तिच्याखाली आणखी काय दडवलंय हे बघायला डेलिया वर्षभर टपली होती. आता तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मागच्या दाराच्या काचेतून दिवा दिसत होता. तिनं दार वाजवलं. हाक मारली, "मिस्टर थिबोडो," आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, "आर्मंड." मग दाराला कान लावून ती उभी राहिली. हातोड्याचा एक ठोका, तेवढाच तिला हवा होता.

तुमच्याही शेजारची कसलीशी कटकट हल्ली बंद झाली असेल. बरं झालं, असं म्हणू नका. जाऊन बघून या.